मेलेल्या जंतूंचा ताप

गतवर्षी चैत्र महिन्यात शरीरशास्त्राचा तास संपून मुले वर्गाबाहेर पडत असता, बोर्डिंगमध्ये राहणारा नववीतील एक विद्यार्थी मागे रेंगाळला. सर्व मुले गेल्याची खात्री करून घेऊन त्याने आम्हांस हळूच विचारले, "गुरुजी, मेलेला जंतू माणसाला ताप आणू शकतो का?"

प्रश्न पुस्तकातला नव्हता. पुस्तकातला प्रश्न विचारताना मुले आवाज इतका खाली आणीत नाहीत. आम्ही त्यास जवळ बसवून घेतले, तेव्हा हळूहळू सर्व हकीकत बाहेर आली. ती त्याच्या व त्याच्या वडिलांच्या संमतीने, नाव-गाव वगळून, येथे देत आहो.

मुलाचे वडील बोरी नदीच्या काठच्या एका गावी सालदार आहेत. मार्गशीर्षाच्या सुमारास आरोग्य खात्याची माणसे घरोघर तपासणीस आली असता त्यांच्या कानाच्या जाड झालेल्या पाळ्या व चेहऱ्यावरील तेलकट तकाकी आशाताईंच्या नजरेस आली. पुढे तपासणी झाली, कुष्ठरोग ठरला, आणि २८ दिवसांचे एक अशी गोळ्यांची बारा पाकिटे एका वर्षात घ्यावयाची असे सांगण्यात आले. चार पाकिटे बिनतक्रार संपली. कातडी काळवंडली, लघवी काही वेळा लाल झाली. पण हे होणार हे आधीच सांगितलेले असल्यामुळे कोणी घाबरले नाही. पाचवे पाकीट चालू असता मात्र एके रात्री थंडी वाजून ताप भरला, आणि सकाळी पाहतात तो दोन्ही हातांवर, मांड्यांवर व गालांवर सुपारीएवढ्या लालबुंद गाठी! बोट लावू देववेना. उजव्या कोपरात ठणका असा की झोप नाही.

घरातील सर्वांनी एकच निष्कर्ष काढला, की औषध उष्ण पडले. शिवाय आखाजी तोंडावर आलेली. सालदाराचे वर्ष आखाजीला संपते आणि नवे त्याच दिवशी ठरते, हे खानदेशातील वाचकांस सांगावयास नको. मालकाच्या दृष्टीस त्या गाठी पडल्या असत्या तर पुढील वर्षाचे पोट गेले असते. म्हणून त्या गृहस्थाने उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, उरलेले पाकीट फडताळावर टाकले, आणि कोणास काही सांगितले नाही.

मुलाचा पेच असा होता. आशाताईंनी सांगितले होते की या गोळ्यांनी जंतू मरतात. जंतू मेले असतील तर ताप कशाचा? आणि ताप आहे तर जंतू मेले नाहीत, किंवा गोळ्याच विषारी आहेत. मग त्या सोडल्या यात वडिलांचे काय चुकले? तर्क म्हणून पाहिले तर हा पेच चांगलाच होता. परंतु यास तिसरे एक उत्तर आहे, आणि तेच समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम साध्या गोष्टीपासून आरंभ करू. कापसाच्या शेतात अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते व दुखते. या चार लक्षणांची नोंद सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केली आहे. यासच आपण दाह म्हणतो. पुष्कळांची समजूत अशी असते की हा दाह काटा करतो. वस्तुतः काटा बिचारा निर्जीव आहे. लाली, सूज व ठणका ही सर्व आपल्याच शरीराची करणी होय.

हे प्रथम स्पष्ट केले ते रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे समुद्रकाठी राहत असता त्यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांत बागेतील गुलाबाचे बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! तारामाशाला रक्तवाहिन्या नाहीत, तरी पेशी चालून आल्या. या शोधाच्या पायावर पुढे जे शास्त्र उभे राहिले त्याबद्दल १९०८ साली त्यांना जर्मनीचे पॉल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधी, १८६७ साली, कोनहाइम या जर्मन वैद्याने बेडकाच्या आतड्याच्या पातळ पडद्यात रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडताना प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. त्या रोज पडतात. कोणी पाहत नाही एवढेच.

या पेशींत संख्येने सर्वांत अधिक ती न्यूट्रोफिल. रक्तातील शंभर पांढऱ्या पेशींपैकी ५० ते ७० याच असतात. आपल्या हाडांच्या मगजात दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात, आणि रक्तात आल्यावर त्यांचे आयुष्य बहुधा एखाद्या दिवसाच्या आसपासचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली हिचे केंद्रक दोन ते पाच खंडांचे, माळेत ओवल्यासारखे दिसते. असे तुकड्यातुकड्यांचे केंद्रक अरुंद फटीतून सहज निसटते, आणि फटीतून निसटणे हेच तर हिचे काम! पेशीच्या पोटात जंतूला विरघळविणाऱ्या पाचकद्रव्यांच्या सूक्ष्म पोटल्या भरलेल्या असतात. जंतू गिळावा, त्यावर ही द्रव्ये ओतावी आणि स्वतः मरावे, असा हिचा थोडक्यात जीवनक्रम आहे. गळवातील पू म्हणजे बहुतांशी अशा मेलेल्या न्यूट्रोफिलच होत. २००४ साली बर्लिन येथील संशोधकांनी आणखी एक चमत्कार दाखविला : काही न्यूट्रोफिल मरतेवेळी आपल्या केंद्रकातील धागे बाहेर फेकून त्यांचे जाळे पसरतात आणि त्यात जंतू अडकवितात.

आता प्रश्न असा की, रक्तातून वाहत जाणाऱ्या पेशीला पायात काटा रुतल्याचे कळते कसे? पूर्वी खानदेशात गावोगावी जागले असत. रात्री चोराची चाहूल लागली की जागल्या हाळी देई, ती ऐकून दुसरा देई, आणि घटकाभरात निम्मा गाव काठ्या घेऊन बाहेर पडे. शरीरात जागल्याचे काम कातडीतील व इतर अवयवांतील भक्षकपेशी करतात, आणि त्यांची हाळी म्हणजे त्यांच्यातून सुटणारी विशिष्ट प्रथिने होत. यांस सायटोकाइन म्हणतात. यांपैकी दोघांची नावे आपल्यास पुढे लागतील. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या लांबलचक नावाचे, ज्यास आम्ही सोयीकरिता टीएनएफ म्हणू, ते रक्तवाहिनीची आतील भिंत चिकट करते. वाहत जाणारी न्यूट्रोफिल त्या ठिकाणी अडखळते, घरंगळते, चिकटते, आणि मग भिंतीच्या फटीतून बाहेर सरकते. दुसरे इंटरल्युकिन-८, ज्याचा शोध १९८७ साली लागला. ते वास लागल्यासारखे काम करते. जिकडे ते दाट तिकडे न्यूट्रोफिल चालू लागते. टीएनएफ व त्याची भावंडे रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचली की तापाचा हुकूम तेथून सुटतो. ताप म्हणजे दूरवर ऐकू गेलेली हाळीच म्हणावयाची.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हाळी ऐकून धावत आलेल्या गावकऱ्यांना अंधारात चोर कोणता व घरधनी कोणता हे नेहमीच ओळखू येत नाही. न्यूट्रोफिलच्या पोटल्यांतील द्रव्ये जंतूला जाळतात तशीच भोवतालच्या मांसालाही जाळतात. काट्यापुरता हा खर्च परवडतो. काटा निघाला, हाळी थांबली, की चार दिवसांत सर्व शांत होते. परंतु ज्या रोगात हाळी थांबतच नाही, तेथे काय होत असेल?

आता कुष्ठरोगाकडे वळू. आमच्या आजोबांच्या पिढीत यास रक्तपिती किंवा महारोग म्हणत, आणि ते शब्द उच्चारताना लोक आवाज खाली आणीत, जसा त्या मुलाने आणला. याचा जंतू नॉर्वेमधील बर्गेन येथे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढला. हा जंतू विलक्षण संथ आहे. इतर जंतूंच्या एकाचे दोन व्हावयास वीस-पंचवीस मिनिटे पुरतात; यास बारा ते चौदा दिवस लागतात. शरीरात शिरल्यावर रोग दिसू लागावयास सरासरी पाच वर्षे, कधी वीसही. शिवाय शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसांस तो मुळीच बाधत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती त्यास उपजतच पुरून उरते. उरलेल्यांपैकी कित्येकांत शरीर कडवी झुंज देते, तेव्हा जंतू थोडे व बधिर चट्टे मोजके असतात. आणि काहींत याच्या अगदी उलट होते. त्या प्रकारास लेप्रोमॅटस म्हणतात, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा प्रकार हाच होता.

या दुसऱ्या प्रकारात जागल्याच झोपी गेलेला असतो. भक्षकपेशी जंतू गिळते, पण त्यास मारीत नाही. उलट तीच त्याचे घर बनते. एका ग्रॅम त्वचेत शंभर कोटी किंवा त्याहूनही अधिक जंतू असू शकतात, आणि तरीही आरंभी ना ताप, ना वेदना, ना सूज! फक्त कातडी थोडी तकतकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात. इतका मोठा शत्रू घरात असून गाव शांत, हे या रोगाचे खरे भयानक रूप होय. कारण मनुष्य दुखल्याशिवाय दवाखान्यात जात नाही.

आमच्या महाराष्ट्राचा या रोगाशी झालेला सामना जुना आहे. १८९० साली मुंबईस जे कुष्ठालय निघाले, व जे आज वडाळ्यास ॲकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखले जाते, ते पालिकेचे आयुक्त ॲकवर्थ यांच्या खटपटीने. याच गृहस्थांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर आमचे ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापले. इतिहासाच्या तासाला त्यांचे नाव निघते, आरोग्याच्या तासाला निघत नाही, हे आम्हांस नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे. पुढे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवनात, आणि त्यानंतर बाबा आमटे यांनी वरोऱ्यास आनंदवनात जे काम उभे केले ते सर्वश्रुत आहे. त्या काळी आरंभी औषध म्हणजे कडू कवठाच्या जातीच्या बियांचे तेल. त्याची टोचणी दुखे फार व गुण येई थोडा. १९४० नंतर सल्फोन औषधे आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफॅझिमिन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि १९८३ पासून आपल्या देशाच्या कार्यक्रमात ती आली. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने बहुतेक सर्व जंतू मरतात, व रुग्णापासून दुसऱ्यास होणारी बाधा लवकरच थांबते. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा, ज्यान्वये निर्धन रुग्णांस पकडून कुष्ठालयात डांबता येई, तो संसदेने २०१६ साली रद्द केला. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले खरे. तथापि आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच सापडतात, आणि त्यांत जळगाव-धुळ्याकडीलही असतात.

आता मूळ पेचाकडे येऊ. जंतू मेले, पण मेलेला जंतू जातो कोठे? त्याचे शरीर मेणासारख्या चिवट स्निग्ध पदार्थांनी मढविलेले असते आणि ते लवकर विरघळत नाही. सर्व गोळ्या वेळेवर घेऊनही त्वचेतील मृत जंतूंचा साठा पूर्णपणे निपटावयास कित्येक वर्षे लागतात. शंभर कोटी शवांचा हा ढीग फुटू लागला की त्यातील पदार्थ भोवताली पसरतात. लेप्रोमॅटस रुग्णाच्या रक्तात या पदार्थांविरुद्ध प्रतिपिंडे मुबलक असतात; जिवंत जंतूचे त्यांनी काहीही वाकडे केलेले नसते, परंतु सुट्या पदार्थांस ती तात्काळ चिकटतात, आणि या दोहोंची गुंतवळ लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसते.

अशा गुंतवळीने काय होते, हे १९०३ साली मॉरिस आर्थस या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशांवर दाखविले होते. घोड्याच्या रक्ताची निवळ सशाच्या कातडीत टोचली. पहिल्याने काही झाले नाही. काही दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा टोचल्यावर मात्र ती जागा सुजली, कडक झाली व शेवटी सडली. निवळीत जंतू नव्हते, विष नव्हते. सशाच्या शरीराने तिच्याविरुद्ध जी तयारी करून ठेवली होती, तिनेच सशाची कातडी जाळली! कुष्ठरोगातील त्या लाल गाठींतही असेच काही घडत असावे असा तर्क होता. १९६९ साली वेमांबू, टर्क प्रभृती संशोधकांनी गाठींचे तुकडे तपासून त्यांत प्रतिपिंडे व त्यांची साथ करणारी पूरक प्रथिने दाखवून दिली, आणि त्या तर्कास बळकटी आली.

म्हणजे झाले असे. इतकी वर्षे झोपलेला जागल्या जागा झाला तो चोर मेल्यानंतर! गुंतवळ पाहून पूरक प्रथिने खवळली, भक्षकपेशींनी टीएनएफ सोडले, इंटरल्युकिन-८ चा वास पसरला, आणि न्यूट्रोफिलच्या झुंडी त्वचेखालील चरबीच्या थरात येऊन पडल्या. ताज्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पुष्कळदा याच पेशी दाटलेल्या दिसतात. त्या शवांवर आपल्या पोटल्या रित्या करतात, जाळी फेकतात, आणि भोवतालचे मांस भाजून काढतात. सर्व श्रेय वा दोष एकट्या न्यूट्रोफिलला देणे बरोबर नव्हे. इतर पांढऱ्या पेशींचाही यात हात आहे. परंतु तो लाल रंग, तो ठणका, तो ताप यांत हिचा वाटा मोठा आहे. डॉक्टर यास लेप्रा रिअॅक्शनचा दुसरा प्रकार म्हणतात. हैदराबादेस अकरा वर्षांच्या नोंदींवरून केलेला व २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लेप्रोमॅटस रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास रुग्णांस ही अवस्था आल्याचे आढळले. तेव्हा ही काही अपवादाची गोष्ट नव्हे.

कोणी विचारील, हा ताप जिवंत जंतूंचा नव्हे हे कशावरून? याचा पुरावा मोठ्या विलक्षण वाटेने मिळाला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यामुळे जगभरात सुमारे दहा हजार मुले हातपाय खुंटलेली किंवा अन्य व्यंगे असलेली जन्मली, आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. १९६४ साली जेरुसलेम येथील कुष्ठ रुग्णालयातील डॉ. शेस्किन यांच्यापुढे याच लाल गाठींनी तळमळणारे रुग्ण होते. त्यांस झोप तरी लागावी म्हणून त्यांनी शिल्लक असलेले हे औषध दिले. झोप लागलीच, परंतु एक-दोन दिवसांत ताप उतरला व गाठी मावळू लागल्या! पुढे अनेक देशांत हाच अनुभव आला. आता गंमत अशी की थॅलिडोमाइड कुष्ठजंतूला मारीत नाही, त्याच्या केसालाही धक्का लावीत नाही. जे औषध जंतूला शिवत नाही त्याने ताप उतरतो, तर तो ताप जंतूच्या वाढीचा असेल कसा? ते नेमके करते काय, हे १९९१ साली न्यूयॉर्क येथील संशोधकांनी दाखविले : ते टीएनएफचे उत्पादन कमी करते. म्हणजे ते चोराला मारीत नाही. जागल्याच्या तोंडावर हात ठेवते.

हे सर्व आम्ही फळ्यावर आकृत्या काढून त्या मुलास सांगितले, तेव्हा त्याने लगेच पुढचा प्रश्न केला, "मग घरचे म्हणतात ते खोटेच ना?" आम्ही तसे म्हटले नाही. गोळ्या सुरू झाल्यावर गाठी आल्या हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. पुष्कळ रुग्णांत ही अवस्था उपचाराच्या काळातच येते, कारण शव फुटावयाचा काळही तोच. चूक झाली ती अनुमानात. हीच अवस्था कित्येकांस एकही गोळी घेण्यापूर्वी येते, आणि कित्येकांस बारा पाकिटे संपून वर्ष-दोन वर्षे लोटल्यावरही येते. औषध उष्ण पडले असते तर या दोन्ही वेळी गाठी आल्या नसत्या. पण गाठींनी भरलेला बाप समोर तळमळत असता इतका बारीक विचार घरच्या माणसांनी करावा अशी अपेक्षा आम्ही तरी कशी करावी? आशाताईंनी कातडी काळवंडेल हे सांगितले तसे गाठी येतील हेही कोणी आधी सांगितले असते, तर पाकीट फडताळावर गेले नसते.

गोळ्या सोडल्याने दुहेरी नुकसान होते. गाठी थांबत नाहीत, कारण शवे शरीरातच आहेत. आणि मारावयाचे राहिलेले थोडे जंतू पुन्हा संथपणे वाढू लागतात. म्हणून डॉक्टर अशा वेळी मूळ गोळ्या चालूच ठेवतात आणि हाळी शांत करणारे औषध निराळे देतात. ते बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असते. पाकिटातील क्लोफॅझिमिन हेही, मोठ्या मात्रेत, हळूहळू हा दाह कमी करते. डब्लिन येथे तयार झालेल्या या लाल रंगाच्या औषधामुळेच कातडी काळवंडते. थॅलिडोमाइड कडक देखरेखीखाली देतात, आणि मूल होण्याचा संभव असलेल्या स्त्रियांस ते देणे फार धोक्याचे. स्टिरॉइड हीसुद्धा दुधारी वस्तू आहे. ती दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने घेतली तर मधुमेह जडतो, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षय डोके वर काढतो. आणि एकदम बंद केली तर प्राणावर बेतू शकते. गाठी तर पुनःपुन्हा येतात, म्हणून रुग्ण ओळखीच्या दुकानाकडे वळतो. पालकांपैकी कोणाच्या घरी हे चालत असेल तर आजच डॉक्टरांच्या कानावर घालावे.

घाई कशासाठी, तर ती मज्जातंतूंसाठी. आपल्या कोपराच्या आतल्या बाजूस हाडाजवळ एक दोरीसारखी नस लागते. तेथे मार बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे प्रत्येक मुलाने अनुभवलेले आहे. कुष्ठजंतूंना ही जागा आवडते, कारण ती त्वचेलगत व त्यामुळे शरीराच्या अंतर्भागापेक्षा थंड असते. तेथे शवे साठलेली असता न्यूट्रोफिलची धाड पडली की नस सुजते. भोवतालचे वेष्टण ताणले जात नसल्याने ती आतल्या आत चिरडली जाते. काही दिवसांत उपचार झाले तर ती वाचते. काही महिने गेले तर करंगळी व तिच्या शेजारचे बोट आत वळतात व सहसा सरळ होत नाहीत. असाच दाह डोळ्यातील बाहुलीभोवतीच्या पडद्यास झाला तर डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, आणि दृष्टी जाऊ शकते. गाठींबरोबर कोपर दुखणे, बोटांतील जोर कमी होणे, किंवा डोळा दुखून लाल होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ज्यास जंतूच नाही अशाही कातडीच्या रोगांत न्यूट्रोफिलची हीच कथा दिसते. सोरायसिसच्या खवल्यांत या पेशींचे सूक्ष्म गळू असतात, ते मन्रो यांनी १८९८ सालीच वर्णिले आहेत. तेथे हाळी इंटरल्युकिन-१७ या नावाने दिली जाते, व ती रोखणारी औषधे आता निघाली आहेत. तो विषय मोठा आहे. जागा असल्यास पुढील अंकी.

त्या मुलाने शनिवारी घरी जाऊन वहीतील आकृती वडिलांना दाखविली. एवढ्याने ते उठले असे नव्हे. उठले ते त्याच आठवड्यात हातातून पाण्याचा तांब्या निसटला म्हणून. दोघे बापलेक प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, स्टिरॉइड सुरू झाले, आणि तीन दिवसांत ताप उतरला. आखाजीला मालकाने त्यांना ठेवले. गाठी त्याच्या दृष्टीस पडल्याच नाहीत, की पडूनही तो काही बोलला नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. बारा पाकिटे पुरी झाली. त्यानंतर गाठी दोनदा आल्या, आणि दोन्ही वेळा ते पहिल्याच दिवशी स्वतः होऊन दवाखान्यात गेले. शेजारच्या बोटात जोर परत आला आहे. करंगळी मात्र वाकडीच राहिली. यंदा कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या पाकळीत ती अडकते, आणि तेथे संवेदना नसल्यामुळे ओरखडा उठल्याचे कळत नाही, म्हणून मुलगा रोज संध्याकाळी त्यांचा हात कंदिलाजवळ धरून पाहतो.